खांड बुजवायला कोण येतं?

माझा भाचा राज्यसेवेची तयारी करतोय. परवा त्याने व्हॉट्सॲपवर नोट्सचा फोटो पाठवला. वर मोठ्या अक्षरात 'जागतिक संस्कृतींना आकार देणारे घटक', खाली ओळीने भूगोल, हवामान, व्यापार, तंत्रज्ञान, धर्म, युद्ध, रोगराई, आणि मग मेसेज, "मामा यातला मेन कुठला रे? सगळेच लिहिले तर मार्क नाय देत, स्टँड घ्यायला लागतो."

घेऊया की स्टँड. यूट्यूबवर या विषयाचे ढिगाने व्हिडिओ पडलेत, रोम का कोसळलं ते दहा मिनिटांत सांगतात, एक म्हणतो हवामान बदललं, दुसरा म्हणतो शिशाचे नळ, तिसरा म्हणतो लोक ऐषारामी झाले, आणि खाली कमेंटमध्ये आपली मंडळी त्याचा संबंध लगेच आजच्या राजकारणाशी जोडून मोकळी. मला तसलं काही सांगायचं नाहीये. मला एवढंच वाटतं की भाच्याची यादी बरोबर असली तरी ती सगळी धक्क्यांची यादी आहे. पाऊस सगळ्यांचाच कधीतरी फसतो, साथ सगळ्यांकडेच येते, शेजारी चाल करून सगळ्यांवरच येतो. एवढं होऊन एक समाज दहा वर्षांत परत उभा राहतो आणि दुसऱ्याचं गवताखाली टेकाड होतं, ते का, हे त्या यादीत कुठेच नाही. माझं उत्तर म्हणजे दुरुस्ती. मोडलेलं कोण दुरुस्त करतं, कुणाच्या खर्चाने, आणि दुरुस्त केल्यावर पीक कुणाच्या घरात जातं. पेपरात लिहायला हा शब्द अगदीच किरकोळ वाटतो, माहितीये, पण आमच्या अलिबाग-पेण भागातला कुठलाही म्हातारा हे दोन मिनिटांत समजेल, कारण आम्ही खारबांधावर वाढलेली माणसं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. धरमतरच्या खाडीच्या दोन्ही अंगाला जी सपाट भातशेती दिसते ना, ती मुळात समुद्राची जागा. भरतीचं पाणी जिथे यायचं तिथे लोकांनी मातीचे बांध घालून पाणी बाहेर अडवलं, आत पावसाच्या पाण्याने दोन-तीन वर्षं मीठ धुऊन जाऊ दिलं आणि मग भात लावला. बांधाला ठरावीक ठिकाणी उघाडी असते. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी तिचं दार ढकलून खाडीत जातं आणि भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने तेच दार आपोआप बंद होतं, मोटर नाही, वीज नाही. काळा राता, भुरा राता असली खारं पाणी सोसणारी भातं इथलीच. पुढे पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने पनवेल १, २, ३ अशा जाती काढल्या, पण बापजाद्यांचा राता लाल, जाड, आणि पेजेला त्याच्यासारखा तांदूळ नाही.

तर हा बांध कधीच 'बांधून झाला' असा नसतो. चिंबोऱ्या बिळं करतात, उंदीर पोखरतात, उन्हाने भेगा पडतात. बोटभर बिळातून पाणी झिरपायला लागतं आणि अवसेपुनवेच्या उधाणाला तेच बीळ हातभर होतं, मग बैलगाडी जाईल एवढं. याला आमच्याकडे खांड पडणं म्हणतात. लहानपणी रात्री-बेरात्री हाक यायची, "आरं खांड परली रं, बांदावर चला!" आणि मग ज्याच्या शेताजवळ खांड पडली तो एकटाच नाही, अख्खा पाडा निघायचा. कारण खारं पाणी सातबारा बघून थांबत नाही, एकदा आत शिरलं की शेवटच्या घराच्या अंगणापर्यंत जातं. फावडी, घमेली, पेंढ्याचे भारे, लाकडाचे खुंट. आधी खुंट ठोकायचे, मधे पेंढा आणि चिखल दाबायचा, तोही ओहोटीच्या तेवढ्या चार-पाच तासांत, पुढची भरती यायच्या आत. जमलं नाही तर ते वर्ष गेलंच, पुढची दोन-तीन वर्षंही भात नीट येत नाही. आणि दोन-तीन वर्षं कुणी लक्ष घातलं नाही तर तिवरं उगवतात, मग ती जमीन परत खाडीची. मधल्या काळात तिथे जिताडा मासा बरा मिळतो, त्यामुळे काही जणांची तक्रार नसते, ते जाऊ दे.

हे सगळं डोक्यात असताना मी हम्मुराबीच्या कायद्याबद्दल वाचत होतो. बाबिलोनचा राजा, इसवी सनपूर्व अठराव्या शतकातला, दोन मीटरहून उंच काळ्या दगडावर कोरलेले कायदे, १९०१ साली इराणमध्ये सुसा इथे सापडले, आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात. सगळ्यांना त्यातलं डोळ्याला डोळा तेवढं माहीत असतं. पण त्यातलं ५३ वं कलम बघा. एखाद्याने आपल्या शेताचा बांध मजबूत ठेवण्यात हयगय केली, बांधाला भगदाड पडलं आणि पाण्याने शिवाराची नासाडी झाली, तर ज्याच्या बांधाला भगदाड पडलं त्याने बुडालेलं धान्य भरून द्यायचं. ५४ वं त्याहून कडक. भरून देण्याची ऐपत नसेल तर त्याला आणि त्याच्या चीजवस्तूंना विकायचं आणि ज्यांचं पीक गेलं त्यांनी ते पैसे वाटून घ्यायचे. माणूसच विकायचा! पावणेचार हजार वर्षांपूर्वी, युफ्रेटिसच्या काठी, खांडीचा कायदा. मी वाचता वाचता खुर्चीतून उठलो होतो.

त्या सगळ्या मेसोपोटेमियाचा जीवच कालव्यांवर. दक्षिणेकडच्या सुमेरमध्ये पाऊस इतका कमी की नदीचं पाणी शेतात आणल्याशिवाय काही उगवत नाही, आणि आणलेलं पाणी उन्हाने उडून जातं, मीठ मागे राहतं. आमच्याकडे मीठ बाहेरून येतं पण धुऊन टाकायला कोकणातला पाऊस आहे. त्यांच्याकडे मीठ खालून वर यायचं आणि धुवायला वरून काहीच नाही. जमीन अधूनमधून पडीक ठेवणं एवढाच इलाज होता. तिथल्या जुन्या नोंदींत गव्हाचा वाटा शतकागणिक घटत गेलेला आणि खारटपणा जास्त सोसणाऱ्या बार्लीचा वाढलेला दिसतो. त्याला मीठच कारण का आणि किती यावर अभ्यासकांत वाद आहे, पण तिथल्या राजांना आणि देवळांना वर्षाला ठरलेलं धान्य हवंच असायचं हे तर मातीच्या पाट्यांवर लिहिलेलंच आहे, आणि ज्याच्या डोक्यावर वसुली बसलीय तो जमीन पडीक कशी टाकणार? लगाश आणि उम्मा ही शेजारशेजारची दोन शहरं एका सीमेवरच्या सुपीक पट्ट्यासाठी आणि कालव्याच्या पाण्यासाठी जवळजवळ दीडशे वर्षं भांडली. जगातल्या सर्वात जुन्या लेखी भांडणांपैकी एक, आणि स्वरूप काय तर भावकीत बांध कोरतात तसलं.

इथेच तो तिसरा मुद्दा येतो, पीक कुणाच्या घरात जातं. आमच्या भागात बांधावर चिखल टाकणारा कूळ आणि भात मोजून नेणारा खोत, असंच चालत आलं होतं. पोयनाडजवळच्या चरी गावी १९३३ साली शेतकऱ्यांनी संप पुकारला. होय, शेतकऱ्यांचा संप, शेत कसायचंच नाही. नारायण नागू पाटील पुढारी, पंचवीस गावं सामील, आणि तो चालला १९३९ पर्यंत. इतकी वर्षं जमीन पडीक टाकून माणसं जगली कशी तर रानातला लाकूडफाटा विकून आणि खाडीतली मासळी मारून. बाबासाहेब आंबेडकरांनी या चळवळीला पाठिंबा दिला, १९३७ साली खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, १९३८ च्या जानेवारीत मुंबईत कौन्सिल हॉलवर शेतकऱ्यांचा मोर्चा नेला. खोती कायद्याने गेली ती १९४९ मध्ये. पाठ्यपुस्तकात हे 'सामाजिक चळवळी' या धड्यात येतं आणि संस्कृतींचा उदय आणि ऱ्हास वेगळ्याच धड्यात, पण माझ्या मते तो एकच धडा आहे. अर्ध्या रात्री उधाणात कमरेएवढ्या चिखलात उभं राहायला माणूस कधी तयार होतो? आतल्या भातात त्याचा वाटा असेल तर. नसेल तर फटके मारून एखाद वर्ष उभा कराल, पिढ्यान्‌पिढ्या नाही.

बगदादचं घ्या. बगदाद कुणी बुडवलं विचारलं की सगळे सांगतात मंगोलांनी, हुलागू, १२५८. खलिफाला मारलं, शहर लुटलं, हे खरंच आहे. पण बगदादच्या पूर्वेला तैग्रिसच्या पाण्यावर चालणारा नहरवान नावाचा अवाढव्य कालवा होता, इराणच्या सासानी राजांनी इस्लामपूर्व काळात बांधलेला, अख्खा दियाला नदीचा प्रदेश त्याच्यावर पिकायचा, खलिफाचा खजिना त्याच्यावर भरायचा. तो कालवा फोडला कुणी? मंगोलांनी नाही. ९३७ च्या सुमारास इब्न राइक नावाच्या खलिफाच्याच सेनापतीने, समोरून येणाऱ्या बजकम नावाच्या दुसऱ्या सेनापतीला अडवायला. म्हणजे घरातल्या घरात सत्तेची मारामारी आणि त्यात स्वतःचाच बांध फोडला. बजकम काही अडला नाही, तो आलाच आणि त्याने सत्ता घेतली. कालवा मात्र नंतर पूर्ण सावरलाच नाही, थोडीफार डागडुजी झाली, परत मोडला, गाळ भरला, गावं उठली. हुलागू आला तेव्हा ते तीनशे वर्षांचं जुनं दुखणं होतं. भाच्याला मी सांगितलं, 'युद्ध' हा मुद्दा लिहिशील तेव्हा परक्याची स्वारी आणि आपसातली लाथाळी वेगवेगळी लिही, दुसरी जास्त महाग पडते.

आता रोगराई. चौदाव्या शतकातला प्लेग, १३४७ ला भूमध्य समुद्राच्या बंदरांत उतरला, चार-पाच वर्षांत युरोपातला निदान तिसरा हिस्सा माणूस गेला. तोच प्लेग त्याच वर्षी इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाला उतरला. रोग तोच, मेलेल्यांचं प्रमाणही फार वेगळं नसावं, पण पुढे काय झालं बघा. इंग्लंडमध्ये मजूर कमी झाले तसा उरलेल्यांचा भाव वाढला. सरकारने १३५१ साली मजुरी गोठवायचा कायदा केला, १३८१ मध्ये शेतकऱ्यांचा उठाव झाला, तो चिरडलाही, पण मजुरी काही खाली बसली नाही. इजिप्तमध्ये उलट शेतीच बसली. का, तर तिथली शेती नाईलच्या पुरावर, आणि पुराचं पाणी अडवायला-सोडायला बांध. त्यात दोन प्रकार होते, सुलतानाचे मोठे बांध आणि गावाचे छोटे बांध. (आमच्याकडे पण खारभूमीच्या सरकारी योजना आणि खाजगी योजना असे दोनच प्रकार, मला हसूच आलं.) हे बांध दरवर्षी चिखल टाकून उभे करायला माणसांची फौज लागायची, ती फौज प्लेगात गेली. आणि गावांचा महसूल ज्यांना वाटून दिलेला ते मामलूक सरदार, म्हणजे तेव्हाचे इजिप्तचे राज्यकर्ते, राहायचे कैरोला, त्यांच्या जागिरी बदलत असायच्या, त्यांना त्या गावाशी काय घेणं? माणसं कमी झाली म्हणून त्यांनी वसुली कमी केली नाही, उरलेल्यांकडूनच जास्त पिळली, मग उरलेलेही पळाले. इंग्लंडमध्ये पाऊस आपला आपण पडतो, तिथे बांध बांधायची गरज नव्हती हाही फरक आहेच, इंग्रज काही शहाणे होते म्हणून तरले असं नाही. पण दूर बसलेला मालक आणि दरवर्षी दुरुस्ती मागणारी जमीन, हे गणित कुठेच जमत नाही.

तंत्रज्ञान, धर्म यावर मी फार बोलणार नाही, त्यातलं मला वाचलेलं कमी आणि मतं जास्त आहेत.

व्यापाराबद्दल मात्र बोलतो कारण चौल घरापासून जवळ आहे. चौलचं बंदर पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशांच्या माहितीपुस्तकात आहे, अरबी लेखकांत सैमूर म्हणून आहे, अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी १४६९ च्या आसपास इथेच उतरला, वास्को द गामाच्या बरीच वर्षं आधी. पोर्तुगीजांनी शेजारी रेवदंड्याला तटबंदी उभारली. आज चौलला जाऊन बघा, नारळी-पोफळीच्या वाड्या, सुंदर तळी, शांतता, आणि शनिवार-रविवारी पार्किंगला जागा नाही. वारा तोच आहे, जूनला नैर्ऋत्येकडून येतो, पुढे उलटा फिरतो, त्याच वाऱ्यावर रोमचं सोनं इकडे यायचं आणि प्लिनी नावाचा रोमन लेखक कुरकुर करायचा की दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स, म्हणजे रोमन नाणी, हिंदुस्थान ओढून घेतो. मग भूगोल तोच असताना बंदर का गेलं? खाडी गाळाने भरत गेली, जहाजं मोठी झाली, इंग्रजांनी मुंबई उभी केली आणि व्यापार तिकडे सरकला. भूगोल नशीब ठरवतो म्हणणाऱ्यांना मी एक दिवस चौलला नेईन म्हणतो.

आणि अलिबागला येऊन आंग्र्यांचं नाव घेतलं नाही तर लोक गावात घेणार नाहीत. कान्होजी आंग्रे १७२९ ला गेले, समाधी अलिबागेतच आहे. या किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांनी आपलं दस्तक, म्हणजे समुद्रात फिरायचा परवाना, घ्यावं असा त्यांचा आग्रह होता. पुढे घरात वाटण्या, भावाभावांत वितुष्ट, आणि तुळाजी आंग्र्यांचं पेशव्यांशी बिनसलं. नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली. १७५५ ला हर्णैचा सुवर्णदुर्ग पडला, फेब्रुवारी १७५६ ला विजयदुर्ग. विजयदुर्गच्या बंदरात आंग्र्यांची गलबतं एकमेकांना बांधून उभी होती, एकाला आग लागली आणि सगळं आरमार जळालं. तुळाजी काही संत नव्हता, पेशव्यांच्या मुलखालाही त्याने त्रास दिला होता, हे मान्य. पण समुद्राकडचा जो एक बांध आपल्याकडे होता तो आपणच फोडायला मदत केली, आणि नंतर तशा ताकदीचा परत उभा केला नाही. इब्न राइकची आठवण मला इथेच आली, खरं सांगायचं तर क्रम उलटा आहे, विजयदुर्ग आधी माहीत होता म्हणून इब्न राइक कळला.

याच्या जोडीला लोक नेहमी चीनचं उदाहरण देतात. मिंग बादशहाच्या काळात चंग ह नावाच्या दर्यासारंगाने १४०५ ते १४३३ मध्ये सात मोहिमा काढल्या, कालिकतला आला, पार आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत गेला, आणि मग दरबाराने सगळं बंद केलं. कसले मूर्ख, म्हणतात लोक. मला ते मूर्ख वाटत नाहीत. राजधानी १४२१ मध्ये बीजिंगला नेलेली, उत्तरेकडून मंगोल टोळ्यांचा ताप, आणि तो खोटा नव्हता, १४४९ ला तर त्यांनी खुद्द बादशहालाच लढाईत पकडून नेलं. खजिना एक आणि बांध दोन, त्यांनी एक निवडला. नंतर खांड दुसऱ्या बाजूने, म्हणजे समुद्राकडून पडली, ते चारशे वर्षांनी. दुरुस्तीचं हेच तर अवघड, सगळीकडे एकदम करता येत नाही, आणि कुठे करायची हे ठरवणाऱ्याला पुढचं उधाण कुठून येणार ते माहीत नसतं.

भाचा हुशार आहे, त्याने लगेच विचारलं, "मग जे दुरुस्त करत होते तरी गेले त्यांचं काय?" आहेत ना तसेही. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे, डेक्कन कॉलेजने तिथे वर्षानुवर्षं उत्खनन केलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव, चौकोनी मातीची घरं, बार्ली, धान्य साठवायच्या जागा, आणि चक्क पाण्यासाठी पाट काढलेला, त्याला बांध घातलेला. म्हणजे ही माणसं करत होती जे करायचं ते. पण इसवी सनपूर्व १००० च्या सुमारास पाऊसच मागे हटत गेला, घरं लहान होत होत गोल झोपड्या झाल्या, शेती कमी आणि शिकार जास्त, आणि पुढच्या दोन-तीनशे वर्षांत गाव उठलं. बांध चांगला असून काय करणार, आत अडवायला पाणीच नाही.

मेक्सिकोतलं तेनोच्तित्लान तर वाचून जीव हळहळतो. अझ्टेकांची राजधानी, टेक्सकोको तळ्याच्या मधोमध. तळ्याचा एक भाग खारा, एक गोडा. १४४९ ला मोठा पूर आला (हो, तेच वर्ष, चीनचा बादशहा पकडला गेला तेच, योगायोग), तेव्हा नेसावालकोयोत्ल नावाच्या शेजारच्या राजाने तळ्यात सुमारे सोळा किलोमीटरचा बांध घातला, खारं पाणी एकीकडे, गोडं एकीकडे. खारबांधच की! आतल्या गोड्या पाण्यात तरंगती वाटावी अशी चिखलाची शेतं, मका, घेवडा, मिरची. आज आमच्या सुकटीच्या कालवणात जी मिरची पडते तिचं मूळ घर त्याच मुलखात. १५२० मध्ये देवीची साथ आली, तिच्याशी त्यांच्या शरीराची ओळखच नव्हती, राजासकट असंख्य माणसं गेली, आणि १५२१ च्या वेढ्यात कोर्तेस या स्पॅनिश सेनापतीने आपली गलबतं आत घालायला बांध फोडला. शहर पडलं. स्पॅनिश लोकांनी त्याच जागेवर मेक्सिको सिटी बांधली पण पाण्याची ती व्यवस्था त्यांना सांभाळता आली नाही, मग पूर, पूर आणि पूर, १६२९ च्या पुरानंतर तर शहर काही वर्षं पाण्यातच होतं. शेवटी त्यांनी तळंच आटवलं. जिंकणं जमलं, दुरुस्ती जमली नाही.

आणि आपल्या रत्नागिरीतला थिबा राजा. त्याच्या बापाने, मिंडॉनने, ब्रह्मदेशात नाणी पाडली, कारखाने काढले, करपद्धत बदलली, म्हणजे दुरुस्ती चालूच होती. पण १८८५ मध्ये सागवानाच्या ओंडक्यांवरून मुंबईतल्या एका इंग्रज कंपनीला झालेल्या दंडाचं निमित्त झालं, दोन-तीन आठवड्यांत युद्ध संपलं, राजा रत्नागिरीला. मागे सह्याद्री, पुढे समुद्र, तोही पावसाळ्यात बंद, अशी जागा इंग्रजांनी बरोब्बर शोधली. १९१६ ला तो तिथेच वारला. समोरचा इतका दांडगा असला तर दोन पिढ्यांची दुरुस्ती पुरत नाही. माझ्या स्टँडला इथे भोक पडतं, पडू दे, भाच्याने उत्तरात हे पण लिहावं, चांगले मार्क मिळतील.

बरं, टिकलेले कोण? डच. अर्धा देश पाण्याखाली जायच्या लायकीचा, आणि तेराव्या शतकापासून त्यांच्याकडे पाणी मंडळं आहेत, गावोगावच्या जमीनवाल्यांनी एकत्र येऊन बांध सांभाळायची. राजे बदलले, स्पेनशी ऐंशी वर्षं लढाई झाली, नेपोलियन येऊन गेला, मंडळं आहेत तिथेच. त्यांच्यात एक जुना रिवाज होता. आपल्या वाट्याचा बांध सांभाळणं ज्याला झेपेनासं होईल त्याने आपलं फावडं बांधात रोवायचं आणि निघून जायचं. जो ते फावडं उपटेल, जमीन त्याची आणि बांधाची जबाबदारीही त्याचीच. हम्मुराबीसारखं माणसाला विकायचं नाही, पण जमीन आणि जबाबदारी वेगळी पण करू द्यायची नाही. १९५३ च्या फेब्रुवारीत एवढं सगळं असूनही समुद्र आत आला, १८०० हून जास्त माणसं मेली, मग त्यांनी पुढची काही दशकं समुद्राच्या तोंडावर प्रचंड बांधकामं केली. आजही अशी २१ मंडळं आहेत, त्यांचा कर वेगळा, दर चार वर्षांनी निवडणूक वेगळी.

आमच्याकडे १९४८ च्या खारजमीन कायद्याने बांधांचं काम हळूहळू सरकारकडे गेलं, १९७९ ला नवा कायदा आला. त्यात चूक होती असं मी म्हणणार नाही, खोताच्या हातात राहण्यापेक्षा बरंच झालं आणि कितीतरी बांध त्यामुळे पक्के झाले. पण तेव्हापासून खांड पडली की पाडा बांधावर जात नाही, अर्ज जातो. अर्ज मंजूर होईपर्यंत दोन उधाणं होतात. आमच्या शेजारच्या शिवारात ठेकेदाराने जेसीबी लावून बांधाच्या अगदी पायथ्याचीच माती काढून वर टाकली, तेव्हाच एक म्हातारा ओरडत होता की अरे पाया पोकळ करताय, कोण ऐकतंय, पहिल्याच मोठ्या भरतीला तो बसला. आणि पाड्याने तरी जावं कुणी? तरणी पोरं कंपनीत तीन शिफ्टमध्ये, सातबारावर आजोबांच्या नावाखाली चुलत-मावस धरून इतकी नावं चढलीत की निम्मे मुंबईत, एकमेकांना ओळखत पण नाहीत, आणि प्रत्येकाच्या फोनमध्ये जमिनीच्या एजंटचा नंबर. आत भात आलं काय नि तिवरं आली काय, जमिनीचा भाव गुंठ्यावर ठरतो. फावडं रोवून जायची पण कुणाला गरज नाही, फावडंच घरात नाही.

गेल्या ग्रामसभेला मी मुद्दाम गेलो होतो. रस्ता झाला, नळाचं पाणी झालं, देवळाच्या सभामंडपावर दीड तास झाला, बांध शेवटून दुसरा विषय होता, तो येईपर्यंत निम्मी माणसं चहाला उठली होती आणि उरलेल्यांनी 'पाठपुरावा करण्यात यावा' असं लिहून घेतलं.